जुन्या इमारतीतली मोरी का तुंबते

तिसऱ्या मजल्यावर कपडे धुण्याचे यंत्र पाणी सोडते आणि दोनच मिनिटांत तळमजल्यावरच्या मोरीत साबणाचा फेस वर येऊ लागतो. पन्नास-साठ वर्षांच्या इमारतींत राहणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. मग तळमजल्यावरची मंडळी वरच्यांना बोल लावतात आणि वरची मंडळी सांगतात की आमच्याकडे तर पाणी झरझर जाते. दादरच्या आमच्या १९६३ सालच्या इमारतीत मी सात वर्षे सचिव होतो आणि असे वाद मी इतक्या वेळा मिटवले आहेत की एक गोष्ट खात्रीने सांगू शकतो: बहुतेक वेळा दोघेही खरे बोलत असतात. वरच्या घरातून पाणी बाहेर पडलेले असते. ते इमारतीच्या बाहेर मात्र पडलेले नसते. अडथळ्याच्या वर जे सर्वांत खालचे तोंड असेल, तिथून ते परत येते, आणि ते तोंड बहुधा तळमजल्यावरच्या घरात असते. ज्याच्या घरात पाणी तुंबले, दोष त्याच्या घरात असतोच असे नाही, ही गोष्ट समजली तर निम्म्या फोडाफोडीचा खर्च वाचतो.

घरातले पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाते हे एकदा नीट पाहून घेतले पाहिजे. साधारण १९७०–८० पर्यंतच्या पुष्कळ इमारतींत दोन वेगळ्या उभ्या पाइपांची पद्धत असे. शौचकूपाचे मैलापाणी एका जाड पाइपातून थेट खालच्या चेंबरमध्ये, म्हणजे आवारातल्या जमिनीखालच्या झाकण असलेल्या हौदात जाई, आणि मोरी, न्हाणीघर, बेसिन यांचे सांडपाणी दुसऱ्या पाइपातून खाली उतरून आधी गल्ली ट्रॅपमध्ये पडे व तिथून चेंबरमध्ये जाई. गल्ली ट्रॅप म्हणजे जमिनीलगतचा, जाळी असलेला छोटा हौद. त्यात नेहमी पाणी साठलेले असते, त्यामुळे चेंबरमधला वायू सांडपाण्याच्या पाइपात चढत नाही. एका चेंबरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे पाणी उताराने जात शेवटी रस्त्याखालच्या महापालिकेच्या वाहिनीला मिळते. या प्रवासात पंप कुठेही नसतो. सगळे काम उतार आणि पाण्याचा स्वतःचा जोर यांवर चालते, आणि म्हणूनच वाटेत जे काही बिघडते त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. पाणी आधी थोडे रेंगाळते, मग मागे गाळ सोडते, आणि गाळावर गाळ बसून एके दिवशी वाट बंद होते.

न्हाणीघराच्या जमिनीत जाळीखाली जो वाडगा असतो त्याला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्याकडचा ‘न्हाणी’ हा घरगुती शब्द भारतीय बांधकामाच्या परिभाषेत कायमचा जाऊन बसला आहे, आणि याचे मला फार अप्रूप वाटते. या ट्रॅपचे काम एकच, वळणात थोडे पाणी धरून ठेवायचे. त्या पाण्याचा पडदा साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच खोल असावा लागतो. पाइपातला दुर्गंध, झुरळे आणि चिलटे यांना घरात येण्यापासून अडवणारी एवढीच काय ती गोष्ट आहे. वळणात पाणी अडवण्याची ही युक्ती जुनी आहे; अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली शौचकूपाखाली इंग्रजी ‘एस’च्या आकाराचा पाइप घालून तिचे पेटंट घेतले होते. घर महिना-दोन महिने बंद राहिले, विशेषतः एप्रिल-मे मध्ये, तर हा दोन इंचांचा पडदा वाळून जातो आणि घर उघडताच दुर्गंधीचा लोट येतो. अशा वेळी पाइप फुटला असे समजून गवंडी बोलावू नये. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून तासभर थांबावे. हा पडदा किती महत्त्वाचा आहे याचा धडा हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीने २००३ साली दिला. सार्सच्या साथीत तिथल्या ३००हून अधिक रहिवाशांना लागण झाली, आणि चौकशीत न्हाणीघरांतले कोरडे पडलेले ट्रॅप हे संसर्ग पसरण्याचे एक महत्त्वाचे कारण ठरवले गेले.

मात्र रोज वापर असलेल्या न्हाणीघरातही दुर्गंध येत असेल आणि शेजारचा फ्लश सोडला की जाळीतून गुडगुड आवाज होत असेल, तर कारण वेगळे असते. तिथे हवा कोंडलेली असते. गोड्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल अडखळत, डुबुकडुबुक करत बाहेर येते, आणि समोर दुसरे भोक पाडले की धार सरळ लागते, हे आपण स्वयंपाकघरात पाहिलेले असते. उभ्या पाइपाचेही तसेच आहे. वरून पाण्याचा लोंढा खाली येताना पुढची हवा ढकलतो आणि मागची हवा ओढतो. ती हवा मिळावी म्हणून उभा पाइप गच्चीच्या वरपर्यंत नेलेला असतो आणि त्याच्या टोकावर जाळीची टोपी असते. काही इमारतींत शेजारून हवेचा स्वतंत्र पाइपही असतो. ही वाट बंद झाली तर लोंढा हवा ओढायला जवळचे जे तोंड सापडेल तिकडे वळतो आणि ट्रॅपमधले दोन इंच पाणी शोषून घेतो. पडदा गेला की वास मोकळा होतो.

ही वाट बंद कशी होते, हे पाहायला गच्चीवर जावे लागते. गच्चीवर पत्र्याची शेड घालताना मध्ये येणारा पाइप कापून त्यावर सिमेंटचा गोळा बसवलेला मी स्वतः पाहिला आहे. कंत्राटदाराला तो निरुपयोगी पाइप वाटला होता आणि आमच्यापैकी कोणी त्याला थांबवले नव्हते. पुढची दोन वर्षे चौथ्या मजल्यावरची दोन्ही कुटुंबे नवनवी जंतुनाशके ओतत होती. सिमेंट फोडून पाइप पुन्हा वर नेला त्या दिवसापासून आवाज थांबला आणि आठवड्याभरात वासही गेला. कावळ्यांची घरटी, पिंपळाची रोपे, टोपी नसल्यामुळे पडलेला चेंडू, अशाही गोष्टी त्या तोंडात सापडतात.

आता पाइपांच्या वयाकडे येऊ. मुंबई शहरातल्या ज्या जुन्या, दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या इमारतींना ‘उपकरप्राप्त’ म्हणतात, त्यांतली सर्वांत अलीकडचीसुद्धा ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची आहे. या इमारतींचे उभे पाइप बहुतांशी बिडाचे. सहा-सहा फुटी तुकडे एकाच्या तोंडात दुसरा असे बसवायचे, सांध्यात ताग ठासायचा आणि वर वितळलेले शिसे ओतून ते ठोकून घट्ट करायचे, अशी ती पद्धत होती. हे काम ज्यांनी मनापासून केले त्यांचे सांधे आजही पाझरत नाहीत. बीड साध्या लोखंडापेक्षा गंजापुढे जास्त टिकते, पण त्याचेही आयुष्य ठरलेले आहे. मैलापाण्यातून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड वायू पाइपाच्या ओलसर आतल्या भिंतीवर जमतो, तिथले जीवाणू त्याचे गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल धातू खात जाते. हे बहुतेक पाण्याच्या पातळीच्या वर घडते. त्यामुळे आडव्या पाइपाचा तळ शाबूत आणि माथा चाळणी झालेला, असे दृश्य नेहमी दिसते.

बाहेरून गंज कुठे लागतो, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. इमारत रंगवताना पाइपाच्या दर्शनी बाजूला रंगाचे दोन हात बसतात. भिंतीकडच्या बाजूला मात्र ब्रश पोचत नाही, कारण पाइप आणि भिंत यांत जेमतेम बोटभर फट असते. त्या फटीत पावसाचे पाणी, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा साठून राहते. आमच्या इमारतीचा मागचा पाइप समोरून काळाभोर, नव्यासारखा दिसत होता. प्लंबरने माझा हात धरून बोटे मागच्या बाजूने फिरवायला लावली, तेव्हा पापडाच्या तुकड्यांसारख्या खपल्या तळहातावर आल्या आणि एका ठिकाणी बोट सरळ आत गेले. उभी चीर हातभर लांब होती. शयनगृहाच्या भिंतीवर तीन वर्षे येणारी ओल, जिच्यासाठी आम्ही बाहेरून दोनदा जलरोधक रंग लावला होता, तिचे मूळ तिथे होते. म्हणून पाइप पाहताना मागून पाहावा, हात पोचत नसेल तर आरसा धरावा. गिरगाव, काळबादेवीकडच्या जुन्या इमारतींत हे पाइप दोन इमारतींमधल्या अरुंद हाऊस गल्लीत असतात, तिथे कचरा साचलेला असतो आणि वर्षानुवर्षे कोणी फिरकत नाही. तिथले पाइप तर मुद्दाम वेळ काढून तपासले पाहिजेत, कारण चिरेतून झिरपणारे पाणी भिंतीत आणि स्लॅबच्या सळ्यांपर्यंत जाते. सळईला गंज चढला की ती फुगते, गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कित्येक पटींनी अधिक असते, आणि त्या दाबाने काँक्रीट तडकते. जुन्या इमारतींत न्हाणीघराखालचा स्लॅब बाकी घराच्या आधी खराब होतो त्याचे कारण हेच आहे.

पाइप फुटला नसला तरी आतून अरुंद होतो. चार इंची, म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर व्यासाचा पाइप घ्या. आत चोहोबाजूंनी एक सेंटिमीटरचा थर बसला तर व्यास ८० मिलिमीटर उरतो. ऐकायला हे थोडे वाटते, पण पाणी जाण्याची जागा त्या क्षणी ६४ टक्क्यांवर आलेली असते. दोन सेंटिमीटरचा थर बसला की उरते फक्त ३६ टक्के. हा थर कशाचा असतो? गंजाच्या गाठी असतात, त्यांच्या खडबडीत कडांना केस आणि कपड्यांचे धागे अडकतात, आणि सर्वांवर तुपातेलाचा लेप बसतो. तळणीचे तेल, तूप, भाजीवरचा तवंग हे गरम असताना पातळ असते, पण पाइपात जाऊन थंड झाले की गोठते. शिवाय पाण्यातल्या चुन्याशी या स्निग्धतेचा संयोग होऊन साबणासारखा एक चिवट, पांढुरका पदार्थ तयार होतो, जो पाण्यात विरघळत नाही. पूर्वी भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासत असत. ती राख आणि काथ्या जुन्या पाइपांच्या वळणांत अजून दगडासारखे बसलेले सापडतात. भाताची पेज, कणकेचे पाणी आणि चहाचा चोथा हे त्या थराला खळीसारखे चिकटतात. ताट मोरीत ठेवण्यापूर्वी कागदाने किंवा बोटांनी पुसून खरकटे वेगळे काढण्याची सवय असलेल्या घरात स्वयंपाकघराची मोरी क्वचितच तुंबते, आणि तळणीचे उरलेले तेल तर मोरीत कधीच ओतू नये.

जुन्या पाइपांवर आलेला आणखी एक ताण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. साखळी ओढायच्या जुन्या उंच लोखंडी टाकीतून एका वेळी साडेबारा लिटर पाणी सुटे आणि उंचीमुळे त्याला जोरही असे. त्या प्रमाणात पाइपांचे माप आणि उतार ठरवलेले होते. आजची दोन बटणांची टाकी तीन किंवा सहा लिटर सोडते. पाणी वाचवणे योग्यच आहे, पण खडबडीत झालेल्या, रुंद, जुन्या आडव्या वाहिनीत तीन लिटर पाणी मैला चेंबरपर्यंत वाहून नेऊ शकत नाही. तो वाटेतच थबकतो. ज्यांची जमिनीखालची वाहिनी जुनी आहे त्यांनी शौचानंतर मोठे बटण दाबावे, आणि न्हाणीघराचे पाणी त्याच वाहिनीला वरच्या टोकाला मिळत असेल तर ते फार मोलाचे समजावे, कारण वाहिनी धुण्याचे काम तेच पाणी करते.

खरी गुंतागुंत जमिनीखाली असते. जुन्या इमारतींच्या आवारातल्या वाहिन्या चिनी मातीच्या भाजलेल्या, तकाकी असलेल्या पाइपांच्या आहेत. ही वस्तू उत्तम. आम्ल तिला काही करत नाही आणि गंज चढण्याचा प्रश्नच नाही. पण तिचे तुकडे दोन-दोन फुटांचे असतात, म्हणजे तीस फुटांच्या वाहिनीत पंधरा सांधे येतात, आणि प्रत्येक सांधा सिमेंटचा असतो. पाया खचला, वरून पाण्याचा टँकर गेला किंवा शेजारी नव्या टोलेजंग इमारतीसाठी खोदकाम झाले की कुठला तरी सांधा हलतो. बारीक फटीतून पाणी झिरपते, भोवतालची माती धुपते आणि तिथे वाहिनीला पोट पडते. ‘पोट पडणे’ हा प्लंबरांचा शब्द अगदी नेमका आहे: सरळ उताराची रेघ मध्येच खाली झुकते, तिथे पाणी साचून राहते आणि गाळ बसतो. अशी वाहिनी आज साफ केली तरी दोन-तीन महिन्यांत पुन्हा तुंबते. ठरावीक मुदतीने पुन्हा पुन्हा तुंबणे ही पोट पडल्याची मोठी खूण आहे, आणि तिथे सफाईवर पैसे घालत राहण्यापेक्षा तेवढा भाग खोदून बदलणे स्वस्त पडते.

उताराचा एक जुना ठोकताळा आहे, तो प्रत्येक सोसायटीच्या समितीने लक्षात ठेवावा. चार इंची वाहिनीला चाळीसात एक, सहा इंचीला साठात एक आणि नऊ इंचीला नव्वदात एक उतार हवा. चार इंची वाहिनी दहा मीटर लांब असेल तर तिच्या दोन टोकांत २५ सेंटिमीटरचा फरक पाहिजे. पाणी गाळाला सोबत घेऊन जाईल इतका वेग, सेकंदाला साधारण पाऊण मीटर, या उताराने मिळतो.

ओलाव्याचा शोध झाडांच्या मुळांना आपल्याआधी लागतो. सांध्यातल्या केसाएवढ्या फटीतून पिंपळ, वड, उंबर यांची तंतुमुळे आत शिरतात आणि आत गेल्यावर त्यांचा झुपका होतो. आमच्या मागच्या चेंबरजवळून काढलेला मुळांचा झुपका दोन हात लांब होता आणि पाइपाच्या आकाराचा घट्ट दंडगोल झालेला होता. त्यात कापडाच्या चिंध्या आणि प्लास्टिक गुंतलेले होते. झाड तोडणे हा त्यावरचा उपाय नाही, आणि परवानगीशिवाय ते करताही येत नाही. तेवढ्या लांबीत सांधे कमी असलेली नवी वाहिनी घालणे हा उपाय आहे.

चेंबरांबद्दल मात्र मला कळवळून सांगायचे आहे. आवारात पेव्हर ब्लॉक बसवताना कितीतरी सोसायट्यांनी चेंबरांची झाकणे खाली गाडून टाकली आहेत, कारण वर आलेली झाकणे दिसायला बरी दिसत नाहीत आणि गाड्या लावायला आड येतात. चेंबर ही वाहिनी तपासण्याची एकमेव जागा आहे. ती गाडली की तुंबलेली जागा शोधायला सगळे आवार उखडावे लागते. चेंबर उघडल्यावर तळाशी अर्धगोल नाळ दिसली पाहिजे आणि तिच्या दोन्ही बाजूंचे सिमेंट नाळेकडे उतरते असले पाहिजे. नाळ फुटून तिथे सपाट खड्डा झाला असेल तर मैला तिथेच घोटाळत राहतो. रस्त्यापूर्वीच्या शेवटच्या चेंबरमध्ये पुष्कळ जुन्या इमारतींत एक मोठा ट्रॅप असतो, महापालिकेच्या वाहिनीतला वायू आवारात येऊ नये म्हणून घातलेला. त्याच्या वरच्या अंगाला सफाईसाठी एक तोंड असते आणि त्याला साखळीचे बूच असते. साखळी गंजून तुटली की ते बूच खाली ट्रॅपच्या तोंडात पडते. मग पाणी तुंबून वर चढते आणि सफाईच्या तोंडातून निघून जाते. पाणी जात असल्यामुळे कोणाला संशय येत नाही, पण तो चेंबर कायम अर्धा भरलेला राहतो आणि मागच्या सगळ्या वाहिन्यांचा वेग मरतो. शेवटच्या चेंबरमध्ये पाणी उभे दिसले तर आधी हे बूच पाहावे.

घराघरांतल्या फेरफारांचाही यात वाटा आहे. बाल्कनीत मोरी केली, स्वयंपाकघर सरकवून तिथे न्हाणीघर केले, धुण्याच्या यंत्राची नळी पावसाच्या पाण्याच्या पाइपात सोडली, असे करताना उताराचा विचार क्वचितच होतो. न्हाणीघराची फरशी बदलताना जुना ट्रॅप तसाच ठेवून वर चार इंच कोबा टाकला की जाळीखाली खोल विहीर होते आणि ट्रॅपमधला कचरा पुन्हा कधी काढता येत नाही. याउलट पावसाच्या पन्हळींचे पाइप मैलावाहिनीला जोडणे ही सार्वत्रिक चूक आहे. मुंबईत पावसाच्या पाण्याची आणि मैलापाण्याची जाळी वेगवेगळी आहेत, आणि मैलावाहिनीचे माप पावसाचा विचार करून ठरवलेले नसते. गच्चीचे पाणी तिच्यात सोडले की जुलैतल्या पहिल्या मोठ्या सरीला तळमजल्यावरच्या शौचकूपातून घाण पाणी उसळते. कोकणात आणि गोव्यात, जिथे घराला स्वतःची सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा असतो, तिथे पावसाळ्यात भूजल वर आल्यावर शोषखड्डा पाणी घेईनासा होतो. तिथे तुंबणे ऋतूप्रमाणे येते आणि ऑक्टोबरात आपोआप जाते, म्हणून घरातला पाइप फोडण्याआधी टाकीची पातळी पाहावी.

दोष कुठे आहे हे ओळखण्यासाठी फार साधने लागत नाहीत. घरातल्या एकाच ठिकाणी पाणी रेंगाळत असेल आणि बाकी सगळीकडे नीट जात असेल, तर अडथळा त्या ठिकाणच्या ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढच्या हातभर पाइपात आहे. न्हाणीघर आणि बेसिन दोन्ही एकदम मंदावली तर घरातून उभ्या पाइपाकडे जाणारी शाखा पाहावी. एकाखाली एक असलेल्या घरांना एकाच वेळी त्रास होत असेल तर उभा पाइप, आणि सबंध तळमजल्याला होत असेल तर जमिनीखालची वाहिनी. मग चेंबर एकेक करून उघडावे. एक चेंबर काठोकाठ भरलेला आणि पुढचा कोरडा असेल, तर अडथळा त्या दोघांच्या मधल्या पाइपात आहे. याहून सोपे निदान नाही. वरच्या घरातून ओल येते अशी शंका असेल तर खाण्याचा रंग बादलीभर पाण्यात कालवून वरच्या न्हाणीघरात ओतावा आणि खाली पांढरा कागद लावून ठेवावा. रंग त्याच दिवशी येईल असे नाही, दोन-तीन दिवस वाट पाहावी, कारण न्हाणीघरासाठी मुद्दाम खाली घेतलेल्या स्लॅबवरच्या विटांच्या भरावात पाणी साठून मग झिरपत असते. दुसरीकडे, वरचे घर बंद असतानाही ओल तितकीच राहिली, तर वरच्या शेजाऱ्यांवरचा आरोप लगेच मागे घ्यावा आणि बाहेरचा पाइप पाहावा.

तुंबल्यावर आपण सर्वांत आधी जे करतो, ते बहुधा सर्वांत घातक असते. दुकानात मिळणारे ॲसिड तेलातुपाच्या थराला विरघळवत नाही; ते सिमेंटचे सांधे आणि बीड मात्र खाते. म्हणजे अडथळा तसाच राहतो आणि पाइप कमजोर होतो. ॲसिडवर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण पडले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो प्राणावर बेततो. कॉस्टिक सोडा चरबीवर काम करतो, पण पाण्यात पडताच प्रचंड तापतो, प्लास्टिकचा पाइप मऊ करतो, आणि नंतर तो पाइप उघडणाऱ्या प्लंबरच्या डोळ्यांत उडतो. त्यापेक्षा रबरी पंप वापरावा. तो चालवताना बेसिनचे वरचे भोक ओल्या फडक्याने बंद करावे, नाहीतर दाब त्या भोकातून निघून जातो. पुढे लांब स्प्रिंग, आणि जमिनीखाली बांबूच्या कांबी किंवा दाबाच्या पाण्याचे यंत्र. दाबाचे पाणी जुन्या पाइपात सोडण्याआधी शक्य असेल तर कॅमेरा आत घालून पाहावे, कारण चिरलेल्या बिडाला तो दाब सोसत नाही.

आणि चेंबरमध्ये किंवा टाकीत माणूस उतरवू नये. हे लिहिताना मी थांबून पुन्हा लिहितो आहे: कोणत्याही कारणासाठी उतरवू नये. तिथे साठलेला हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना कुजक्या अंड्यांसारखा वास देतो, पण प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर करतो. माणसाला धोका कळण्याआधी तो कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. संरक्षक साधनांशिवाय असे काम करवून घेणे हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. काम स्वस्तात उरकण्यासाठी कोणी ‘मी उतरतो’ म्हणाला, तरी समितीने नकार दिला पाहिजे आणि यंत्र मागवले पाहिजे.

खर्च कोणाचा, यावर सोसायट्यांत फार भांडणे होतात, पण महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचे उत्तर पुरेसे स्पष्ट आहे. सामाईक सांडपाण्याच्या वाहिन्या, बाहेरचे पाइप, सेप्टिक टाकी आणि त्यांतून होणारी गळती ही संस्थेची जबाबदारी. सदनिकेच्या आतल्या शौचालय, सिंक इत्यादींची गळती सदस्याची. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी मुंबईत महापालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब प्रमाणे करावीच लागते. त्या वेळी अभियंत्याला खांब आणि तुळयांइतकेच पाइपांकडे पाहायला सांगावे.

पाइप बदलायचे ठरले तर अर्धवट बदलू नयेत. एका मजल्यावर प्लास्टिकचा तुकडा आणि वरखाली बीड, सांध्याला सिमेंट, अशी ठिगळे वर्षभरात सुटतात, कारण उन्हात प्लास्टिक बिडाच्या पाचपटींहून अधिक पसरते आणि सिमेंटला ती हालचाल सोसत नाही. अगदी नाइलाज असेल तर दोहोंच्या मध्ये रबरी कपलिंग आणि स्टीलच्या क्लिपा घालाव्यात. उभा पाइप गच्चीपासून चेंबरपर्यंत एकदाच बदलावा, भिंतीपासून हात जाईल एवढा दूर ठेवावा आणि प्रत्येक वळणावर उघडता येणारे झाकण ठेवायला लावावे. जमिनीखालचे काम झाले की माती लोटण्याआधी एक चाचणी मागावी. वाहिनीच्या व्यासापेक्षा १३ मिलिमीटरने लहान असा गुळगुळीत गोळा वरच्या चेंबरमधून सोडतात. आमच्या आवारात तो सोडला तेव्हा पहिल्या खेपेला तो मध्येच थांबला. मिस्त्रीने कुरकुर न करता दोन पाइप काढले, सांध्यातून आत आलेला सिमेंटचा ओघळ खरवडला आणि पाइप पुन्हा बसवले. दुसऱ्या खेपेला गोळा खालच्या चेंबरच्या नाळेत येऊन थांबला, आणि मग आम्ही चर बुजवायला सांगितला.